झटक्यांची लय

फिट येऊन गेलेल्या माणसाला घेऊन घरचे दवाखान्यात पोचतात, तेव्हा डॉक्टर विचारतात, "नेमकं काय झालं?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "हातपाय झाडत होता, तोंडाला फेस आला, डोळे पांढरे झाले." सांगणाऱ्याला दोष देता येत नाही. आपलं माणूस डोळ्यांदेखत कोसळलं की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. पण एवढ्या उत्तरावर डॉक्टरांना फार पुढे जाता येत नाही. अपस्मारात हातपाय हलतात, रांगेत उभं राहून भोवळ आली तरी हलतात, साखर एकदम उतरली तरी हलतात.

आणि डॉक्टरांना स्वतःला फिट दिसत नाही. ते येईपर्यंत ती संपलेली असते. ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या तपासणीच्या, तारा डोक्याला लागतात तेव्हा मेंदू बहुधा शांत असतो, त्यामुळे अपस्मार असूनही पट्टी नॉर्मल येऊ शकते. एमआरआयही स्वच्छ येऊ शकतो. म्हणून ज्याने फिट प्रत्यक्ष पाहिली, त्याच्या सांगण्याइतकी मोलाची तपासणी या आजारात दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. घाबरलेल्या डोळ्यांनाही काय पाहायचं हे आधी माहीत असेल तर ते पाहतात. त्यात सगळ्यात बोलकी असते ती झटक्यांची लय.

स्नायू आखडतो, सैल पडतो, पुन्हा आखडतो आणि हे ठरावीक अंतराने होत राहतं, तेव्हा त्याला क्लोनिक झटके म्हणतात. नुसतं ताठ होणं म्हणजे टॉनिक. दचकल्यासारखा क्षणात येऊन जाणारा, लय नसलेला सुटा झटका म्हणजे मायोक्लोनिक. आपण ज्याला मोठी फिट म्हणतो तिच्यात टॉनिक आणि क्लोनिक असे दोन टप्पे एकापाठोपाठ येतात. नुसते क्लोनिक झटके जास्त करून तान्ह्या बाळांत दिसतात, किंवा मग शरीराच्या एकाच भागात.

मोठी फिट घड्याळ लावून पाहिली तर अशी दिसते. पहिले दहा ते वीस सेकंद अंग लाकडासारखं ताठ. छातीचे आणि पोटाचे स्नायू एकदम आवळले जातात, आतली हवा आवळलेल्या स्वरयंत्रातून जोराने बाहेर पडते आणि एक विचित्र किंकाळी ऐकू येते. ती वेदनेची नसते, त्या वेळी शुद्धच नसते. श्वासाचे स्नायूही आखडलेले असल्यामुळे ओठ निळसर पडतात. मग त्या ताठरपणात बारीक थरथर शिरते, थरथरीचे झटके होतात. सुरुवातीला ते भराभर येतात, मग दोन झटक्यांमधलं अंतर वाढत जातं. पाऊस थांबल्यावर पागोळ्यांचे थेंब जसे लांबत लांबत पडतात, तसं. जोर मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, शेवटचे एकदोन झटके चांगले दणदणीत असू शकतात. मग एकदम सगळं सैल. लघवी झाली तर ती साधारण याच वेळी होते. तोंडात साठलेली लाळ श्वासाबरोबर घुसळून फेस होतो, आणि जीभ कडेला चावली गेली असेल तर तो गुलाबी दिसतो. हे सगळं बहुधा एक ते तीन मिनिटांत आटपतं. त्यानंतर घोरल्यासारखा मोठा श्वास सुरू होतो. नातेवाईक या घरघरीने सर्वात जास्त घाबरतात, पण अडलेला श्वास परत सुरू झाल्याची ती खूण आहे.

झटक्यांमधलं अंतर का वाढतं? मेंदूच्या पेशींत उत्तेजन देणारी रसायनं असतात तशी लगाम घालणारीही असतात, त्यांतलं मुख्य गाबा. टॉनिक टप्प्यात पेशी न थांबता पेटलेल्या असतात. मग लगाम मध्ये मध्ये पकड घेऊ लागतो. पकड घेतली की स्नायू सैल, सुटली की झटका. प्रत्येक वेळी पकड थोडी जास्त टिकते, आणि शेवटी सुटतच नाही. म्हणजे लांबत जाणारे झटके हे मेंदूने स्वतःहून फिट आवरत आणल्याचं चिन्ह असतं.

एवढं लक्षात आलं की कांदा, चप्पल आणि हातात दिलेली किल्ली यांना गुण कसा येतो तेही कळतं. कुणीतरी धावत जाऊन चप्पल आणेपर्यंत मिनिटभर गेलेलं असतं, झटके आपोआप लांबत आलेले असतात. चप्पल नाकाशी धरली आणि फिट थांबली! पुढच्या पिढीला हाच अनुभव म्हणून सांगितला जातो. हातपाय दाबून धरण्याचंही तेच. झटका मेंदूतून येतो, तो मनगट धरून थांबत नाही. जोर लावून धरलं तर खांदा निखळू शकतो.

लयीला जागाही असते. एका बाजूचाच अंगठा, तोंडाचा एकच कोपरा, एकाच पायाचं बोट उडत असेल, तर मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या, हालचाल चालवणाऱ्या पट्ट्यात बिघाड आहे असं समजतं. लंडनचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८७० साली अशा आकड्यांवर, म्हणजे एका जागी सुरू होणाऱ्या फिटवर, सविस्तर लिहिलं. ना ईईजी, ना स्कॅन. त्यांनी फक्त पाहिलं. अशा आकड्या जास्त करून हातात, चेहऱ्यावर किंवा पायात सुरू होतात आणि तिथून क्रमाने सरकतात, हे त्यांनी टिपलं. आधी अंगठा, मग बोटं, मनगट, कोपर, खांदा, त्यानंतर चेहरा. या सरकण्यावरून शरीराच्या भागांना मेंदूत शेजारी शेजारी जागा असणार, असा तर्क त्यांनी केला. त्याच वर्षी फ्रिट्श आणि हिट्झिग या जर्मन डॉक्टरांनी कुत्र्याच्या मेंदूच्या ठरावीक ठिकाणी विजेचा सौम्य प्रवाह दिला आणि विरुद्ध बाजूचा पाय हलताना पाहिला. अंगठा आणि ओठ ही ठिकाणं वारंवार का येतात? बारीक कामं करणाऱ्या अवयवांना मेंदूने आकाराच्या मानाने फार मोठी जागा दिलेली आहे, म्हणून.

अशा आकडीत माणूस शुद्धीवर असू शकतो, आपलाच अंगठा आपल्या हुकुमाशिवाय उडताना पाहत. झटके संपल्यावर तो हात काही वेळ लुळा पडू शकतो. रॉबर्ट बेंटली टॉड यांनी हे १८४९ साली वर्णन केलं, आणि आजही याला टॉडचा पक्षाघात म्हणतात. तो काही मिनिटांपासून दीड-दोन दिवसांपर्यंत टिकून पूर्ण ओसरतो. घोटाळा होतो तो इथे. झटके कुणी पाहिलेच नसतील तर दवाखान्यात फक्त लुळा हात दिसतो आणि अर्धांगवायूची धावपळ सुरू होते. उलटही घडतं: खरा अर्धांगवायू असताना घरचे "फिटनंतरची अशक्ती असेल" म्हणून वाट पाहत बसतात. हात लुळा असेल तर घरी थांबू नये, आधी झटके आले होते का ते मात्र आठवून सांगावं.

आपल्याकडे एका बाजूच्या आकडीमागे एक कारण फार वेळा सापडतं: पट्टकृमीच्या अळीची मेंदूतली गाठ. स्कॅनवर छोटी अंगठी दिसते, भोवती सूज. "आम्ही माळकरी, मांस शिवत नाही, मग हे कसं?" हा प्रश्न हमखास येतो. अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर जंत आतड्यात होतो. मेंदूत गाठ होते ती अंड्यांमुळे, आणि अंडी येतात जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. ती पाण्यावाटे शेतात, तिथून कच्च्या कोबीवर, कोथिंबिरीवर, गाजरावर पोचतात, किंवा स्वयंपाक करणाऱ्याच्या न धुतलेल्या हातावर. शाकाहाराने त्यापासून सुटका होत नाही. गाठ वर्षानुवर्षं गप्प राहू शकते आणि बहुधा अळी मरू लागली की भोवती सूज येऊन आकडी येते. अशा वेळी जंताची गोळी मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं आहे. एकदम बऱ्याच अळ्या मेल्या तर मेंदूची सूज वाढते. म्हणून डॉक्टर आधी गाठी किती आहेत, डोळ्यात तर नाहीत ना हे पाहतात आणि गोळीबरोबर स्टिरॉइड देतात. क्षयाची गाठही स्कॅनवर अशीच अंगठी दाखवू शकते, तेव्हा फोटो पाहून घरच्या घरी निदान करण्याचा मोह आवरावा.

उतारवयात आणखी एक कारण ध्यानात ठेवावं. हात किंवा तोंडाचा कोपरा तासन्‌तास, कधी दिवसभर उडतच राहतो, शुद्ध शाबूत असते, फिटच्या औषधांना दाद लागत नाही. तपासलं तर रक्तातली साखर अफाट वाढलेली निघते, आणि मधुमेह आहे हे तेव्हाच कळतं. इथे गुण येतो तो इन्सुलिन आणि सलाइनने. फेनिटॉइन हे फिटचं औषध साखर आणखी वाढवू शकतं, म्हणून एका बाजूचे झटके थांबत नसतील तर पहिल्यांदा बोटाला सुई टोचून साखर पाहणं शहाणपणाचं.

लहान मुलांत एक प्रकार असा की आईबापांचं काळीज हलतं, पण आजार मात्र मवाळ. साधारण तीन ते तेरा वर्षांचं, शाळेत नीट असणारं मूल पहाटे झोपेतून उठून आईपाशी येतं. तोंडाचा एक कोपरा लयीत उडतोय, त्याच बाजूने लाळ गळतेय. आई विचारते ते त्याला कळतं, उत्तर द्यायला जातं पण शब्द फुटत नाही, नुसता घशातून आवाज येतो. ते बोटाने गाल दाखवतं. मिनिटा-दोन मिनिटांत सगळं सरळ होतं. झोपेतल्या ईईजीत याची ठळक खूण मिळते, आणि वयात येईपर्यंत या आकड्या बहुतेक सगळ्या मुलांत थांबतात. काहींना औषधाचीही गरज पडत नाही. आईने ते दोन मिनिटं नीट पाहिलं असेल तर एवढा दिलासा पहिल्या भेटीतच देता येतो.

आता फसवणारे प्रकार. भोवळ येऊन पडलेल्या माणसालाही झटके येतात हे फार कमी जणांना माहीत असतं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणून चित्रित केलं. पूर्ण शुद्ध हरपलेल्या ४२ जणांपैकी ९० टक्क्यांना झटके आले. पण हे झटके थोडे, वेडेवाकडे, लय नसलेले असतात. मोजता आले तर एक साधा आडाखा आहे: दहापेक्षा कमी असतील तर भोवळ असण्याची शक्यता जास्त, वीसपेक्षा जास्त असतील तर फिटची. शिवाय भोवळीत माणूस पडण्याआधी पांढराफटक पडतो, घाम येतो आणि अर्ध्या मिनिटात "काय झालं?" म्हणून नीट विचारतो. फिटनंतर भानावर यायला बराच वेळ लागतो.

मनावरच्या ताणातून येणाऱ्या झटक्यांत डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात, मान नकारार्थी डोलते, झटके थांबून पुन्हा सुरू होतात आणि दहा-पंधरा मिनिटंही चालतात. त्यांचा वेग शेवटपर्यंत जवळपास तोच राहतो, वर सांगितलेलं लांबत जाणं नसतं. यातल्या एकाच खुणेवर निदान करू नये. आणि याला नाटक म्हणणं हा रुग्णावर अन्याय आहे. त्या माणसाच्या हातात ते नसतं. उपाय मानसोपचारात आहे, आणि तो न झाल्यामुळे अशा रुग्णांना अतिदक्षता विभागात झोपेची इंजेक्शनं पुन्हापुन्हा टोचली जातात.

तान्ह्या बाळाचा हात थरथरत असेल तर तो अलगद मुठीत धरून पाहावा. साधी थरथर भराभर होते, बाळाला हात लावला की वाढते आणि धरलं की थांबते. क्लोनिक झटका धरल्यावरही मुठीत जाणवत राहतो, सावकाश आणि लयीत. असं असेल तर लगेच रुग्णालय गाठायचं. साखर किंवा कॅल्शियम कमी असणं, जन्मावेळी प्राणवायू कमी पडणं, मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटणं, ही कारणं तासांत पाहावी लागतात.

आणि सकाळचे सुटे झटके. दहावी-बारावीतली मुलगी उठल्या उठल्या चहाचा कप सांडते, कंगवा हातातून उडतो. घरचे धांदरट म्हणतात. एक दिवस जागरणानंतर, परीक्षेच्या किंवा गणपतीतल्या, मोठी फिट येते. त्या सांडलेल्या कपाबद्दल कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही, तर कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू होऊ शकतं, आणि या प्रकारात तीच औषधं मायोक्लोनिक झटके वाढवतात. व्हॅलप्रोएट चांगलं चालतं, पण गर्भावर त्याचे दुष्परिणाम गंभीर असल्यामुळे मुलींच्या बाबतीत पर्यायी औषधाची चर्चा पहिल्याच भेटीत व्हायला हवी. लग्न ठरल्यावर घाईने गोळी बदलणं किंवा गुपचूप बंद करणं, दोन्ही महागात पडतं. लपवण्याची जुनी सवय सुटायला वेळ लागतोय खरा, पण निदान कायद्याने यातलं एक ओझं उतरवलं आहे: हिंदू विवाह कायद्यातल्या विवाहाच्या अटींतून अपस्माराचा उल्लेख १९९९ सालच्या दुरुस्तीने काढून टाकला.

गोळी चालू असताना फिट आली तर पहिल्यांदा पाकिटातल्या गोळ्या मोजाव्यात. चुकलेला डोस हे सगळ्यात नेहमीचं कारण. उपासाच्या दिवशी "रिकाम्या पोटी नको" म्हणून राहिलेली गोळी, प्रवासात सुटकेसच्या तळाशी गेलेलं पाकीट, संपत आल्यावर दोन दिवस पुरवून खाल्लेल्या अर्ध्या गोळ्या. झोपेत येणाऱ्या मोठ्या फिट वर्षातून दोन-तीनच आहेत म्हणून चालवून घेऊ नये. अचानक मृत्यूचा धोका थोडा असला, वर्षाला हजार प्रौढ रुग्णांत सुमारे एक, तरी तो याच फिटशी जोडलेला आहे. न्हाणीघराला आतून कडी लावू नये, विहिरीवर आणि पोहायला एकटं जाऊ नये, गॅसपाशी मागच्या शेगडीवर भांडं ठेवावं.

प्रत्यक्ष फिट येते तेव्हा आधी घड्याळ पाहायचं. बघणाऱ्याला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, त्यामुळे अंदाजाने सांगितलेली वेळ जवळजवळ नेहमीच फुगलेली असते. डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याजवळचं बटण सैल, आसपासची टोकदार वस्तू बाजूला. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीच नाही. जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात मात्र तुटतो आणि श्वासनळीत जाऊ शकतो. ताठरपणा ओसरला की कुशीवर वळवायचं, तोंड जमिनीकडे झुकलेलं, म्हणजे लाळ बाहेर जाते. दुसरं कुणी जवळ असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करावं: आधी चेहरा आणि डोळे, मग चारही हातपाय एका चौकटीत, आणि झटके थांबल्यावरही मिनिटभर कॅमेरा बंद करू नये, कारण कुठला हात लुळा राहिला ते तेव्हाच दिसतं. मान कुठे वळली, सुरुवात कुठून झाली, शेवटी अंतर वाढलं का, एवढं जमलं तरी पुष्कळ.

पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, फिट पाण्यात आली, रुग्ण गरोदर किंवा मधुमेही असेल, किंवा ही आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर १०८ला फोन. पाच मिनिटांचा आकडा उगीच नाही. तोवर न थांबलेली फिट आपोआप थांबण्याची शक्यता घटत जाते, आणि ज्यांच्यावर गाबा काम करतो ते पेशींवरचे ग्राही (रिसेप्टर) आत ओढले जाऊ लागतात, त्यामुळे जे औषध पाचव्या मिनिटाला चालतं तेच अर्ध्या तासाने पुरेसं चालत नाही.

त्यासाठी मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा डॉक्टर लिहून देतात. मात्रा साधारण वजनाच्या किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला ४ मिलिग्रॅम. बाजारात एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅमची बाटली मिळते तशी १.२५ मिलिग्रॅमचीही. पहिलीचे आठ फवारे लागतील, दुसरीचे साधारण तीनच. दुकानदाराने बदलून दिलेल्या बाटलीचे सवयीने आठ मारले तर १० मिलिग्रॅम जातील, अडीचपट, आणि श्वास मंदावू शकतो. म्हणून डॉक्टरांकडून मिलिग्रॅम आणि फवारे दोन्ही लिहून घ्यावेत आणि दर वेळी लेबल वाचावं. बाटली नवी असेल तर आणल्याच दिवशी हवेत फवारून तुषार नीट येतोय हे बघून ठेवावं, नाहीतर ऐन वेळी पहिले दोनतीन फवारे नुसती हवाच असतात. एक या नाकपुडीत, एक त्या, असं आलटून पालटून मारायचं. रुग्णाने ओढून घ्यावं लागत नाही. मारून झाल्यावर श्वासाकडे लक्ष ठेवून कुशीवर ठेवायचं. एक बाटली घरात, एक शाळेत वर्गशिक्षिकेकडे. मुलाचं वजन वाढतं, त्यामुळे दर सहा महिन्यांनी डोस नव्याने लिहून घ्यावा आणि जुना कागद फाडून टाकावा.